शरीराशी ओळख : कानापुढचा सांधा

गेल्या महिन्यात या सदरात मी कानावर लिहिलं आणि पत्रं आली ती जबड्याची. तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवली, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. खांदा, खुबा, गुडघा ही मंडळी मुलं मन लावून शिकायची; जबड्याचा सांधा मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी ठेवलेला असायचा. आणि हाच सांधा आपण बोलताना, जेवताना, गिळताना, जांभई देताना दिवसभर राबवतो. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते आहे. पत्रं लांब होती, ती थोडक्यात घेतली आहेत.

*

बाई, सप्रेम नमस्कार. वय ५२, कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. चार महिने झाले, डावा कान ठणकतो. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, कान अगदी स्वच्छ आहे म्हणाले. जेवताना त्याच बाजूला ‘कट्’ असा आवाज येतो. घरचे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत. तसं असेल का?

नाही. कान स्वच्छ आहे हे डॉक्टरांचं म्हणणं खरं, आणि कान दुखतो हे तुमचंही खरं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते सांगते.

आधी एक करून पाहा. करंगळीचं टोक कानाच्या भोकात हलकेच ठेवा, बोटाची मऊ बाजू चेहऱ्याकडे. आता तोंड सावकाश उघडा, सावकाश मिटा. बोटापुढून काहीतरी सरकून जातं आणि परत येऊन टेकतं. ते तुमच्या खालच्या जबड्याचं डोकं, म्हणजे कॉन्डाइल. सांधा कानाच्या इतका जवळ आहे. माझं बालपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेलं. दोन बिऱ्हाडांमध्ये नुसती फळ्यांची भिंत होती; शेजारचे आजोबा रात्री खोकले की आपल्याच खोलीत कुणी खोकलं असं वाटायचं. कान आणि जबडा यांचं शेजार तसंच आहे.

कानामागचा उंचवटा, कानाचं भोक आणि त्याच्या पुढची जबड्याची खोबण, ही सगळी एकाच हाडाची, शंखास्थीची घडण. खोबणीच्या मागे हाडाचा एक पातळ पत्रा, आणि त्या पत्र्याच्या पलीकडे कानाची नळी. त्यातून दोघांची मज्जातंतूही सामाईक. ऑरिक्युलोटेम्पोरल नावाची एक नस जबड्याच्या सांध्याला संवेदना पुरवते. तीच कानाच्या नळीला, पडद्याच्या बाहेरच्या बाजूला आणि कानशिलाच्या त्वचेलाही पुरवते. सांध्यातून कळ निघाली की मेंदूला नेमकं बिऱ्हाड कळत नाही. तो सांगतो, कान दुखतोय.

हे शेजार आजचं नाही. सरड्याच्या जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा बनलेला असतो, तीच दोन हाडं सस्तन प्राण्यांत लहान होत होत कानात गेली आणि हातोडी व ऐरण झाली. रायकर्ट या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८३७ साली गर्भाच्या अभ्यासातून हा धागा पकडला. आईच्या पोटात बाळाचा जबडा ज्या कूर्चेच्या आधाराने वाढतो, तिच्याच मागच्या टोकापासून बाळाच्या कानातली ही दोन हाडं तयार होतात. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. आज लिहितानाही आला.

आता तुमचा ‘कट्’. जबड्याचं डोकं आणि खोबण यांच्यामध्ये एक चकती असते, मधे पातळ आणि कडांना जाड. ती डोक्यावर टोपीसारखी बसते आणि सांध्याचे दोन कप्पे करते. तोंड उघडायला सुरुवात होते तेव्हा खालच्या कप्प्यात डोकं बिजागरीसारखं फिरतं. साधारण निम्मं तोंड उघडलं की वरच्या कप्प्याचं काम सुरू होतं, आणि डोकं टोपीसकट पुढे, खोबणीच्या पुढच्या उंचवट्याखाली घसरतं. फिरणं आणि घसरणं असा दुहेरी खेळ प्रत्येक घासाला चालतो, तोही उजव्या-डाव्या दोन्ही सांध्यांत एकदम, कारण दोघांमध्ये हाड एकच आहे.

कधी ही टोपी सैल होऊन कपाळावर यावी तशी पुढे सरकते. मग तोंड उघडताना डोक्याला टोपीची मागची जाड कड ओलांडून तिच्याखाली शिरावं लागतं. तो तुमचा ‘कट्’. मिटताना टोपी पुन्हा निसटते, तेव्हा बारीक आवाज येतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्याला काहीही करायचं नाही. असा आवाज कितीतरी धडधाकट माणसांचा येतो. तुमचं दुखतं आहे म्हणून मात्र तपासून घ्या. दातांच्या डॉक्टरांकडे, शक्यतो तोंड-जबड्याच्या शल्यविशारदांकडे जा आणि कानाच्या पुढच्या भागावर बोट ठेवून दाखवा.

हे बोट ठेवून दाखवणं मी मुद्दाम सांगते आहे. माझ्या आईची वरची दाढ याच दुखण्यासाठी काढली गेली, मग तिच्या शेजारची. दुखणं तसंच राहिलं. दोन्ही दाढा निरोगी होत्या. पुढे माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिच्या कानापुढे अंगठा दाबला, तशी ती कळवळली. तोवर कुणीच तिथे हात लावून पाहिलं नव्हतं.

घरी करायचं ते असं. दिवसातून चार-सहा वेळा स्वतःकडे लक्ष द्या, विशेषतः उत्तरपत्रिका तपासताना. ओठ मिटलेले असावेत, पण दात एकमेकांना टेकलेले नसावेत. विसाव्याच्या वेळी वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असते. ती नसेल तर तुम्ही नकळत दात आवळता आहात आणि गालाचे स्नायू तासन्‌तास ओझं उचलत आहेत. दोन-तीन आठवडे भाकरी दुधात कुस्करून खा. चिक्की, सुकं खोबरं, ऊस लांब ठेवा. पंचा गरम पाण्यात पिळून कानापुढे दहा-पंधरा मिनिटं शेक द्या. रात्री दात खाण्याची सवय असेल तर दातांचे डॉक्टर मापाची पट्टी करून देतात, ती लावून झोपा.

तुमचं वय पन्नाशीपुढचं आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवलंत तर एक नाडी उडताना लागेल, ती कानशिलावर जाणारी धमनी. चावताना जबडा थकून दुखतो, थांबलं की बरं वाटतं, कानशिलावर हात लावला तरी दुखतं, डोकेदुखी नव्याने सुरू झाली आहे, नजर मधूनच अंधुक होते, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. या धमनीला सूज आलेली असू शकते आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, पण माहीत हवा. आणि जिना चढताना जबड्यात कळ येत असेल, बसल्यावर थांबत असेल, तर ती हृदयाची असू शकते. तेव्हा दातांच्या दवाखान्यात जाऊ नका, हृदयाची तपासणी करून घ्या.

*

मी हडपसरचा. वडील ७१ वर्षांचे. परवा पहाटे त्यांनी मोठी जांभई दिली आणि तोंड मिटेचना. लाळ गळायला लागली, बोलता येईना, आम्ही फार घाबरलो. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही अंगठे तोंडात घालून क्षणात जबडा बसवला. पुन्हा असं होईल का? झालंच तर घरी मी बसवू का?

वडिलांचा जबडा निखळला होता. वर ज्या उंचवट्याबद्दल लिहिलं, त्याच्या खालपर्यंत जबड्याच्या डोक्याने यायचं असतं. जांभईत ते उंचवटा ओलांडून पुढे गेलं. मग गालाचे आणि कानशिलाचे स्नायू, ज्यांचं कामच जबडा वर ओढणं, ते घाबरून आणखी जोरात वर ओढायला लागले, आणि डोकं उंचवट्याच्या पुढे अडकून राहिलं. म्हणजे त्यांना अडकवून ठेवलं होतं ते त्यांच्याच स्नायूंनी. अशा वेळी कानापुढे बोट लावलं तर जिथे हाड लागायला हवं तिथे खड्डा लागतो. एकच बाजू निखळली तर हनुवटी उलट्या बाजूला वळते.

अंगठे खालच्या दाढांवर ठेवून आधी खाली दाबायचं आणि मग मागे ढकलायचं. क्रम महत्त्वाचा. आधी खाली, कारण डोक्याला उंचवट्याच्या खालून यायचं आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावाने ही रीत आजही ओळखली जाते. आपल्याकडे सुश्रुतांनीही हनुसंधी निसटला तर शेक देऊन, जागेवर आणून, वर पट्टी बांधायला सांगितलं आहे. हनु म्हणजे जबडा. मारुतीरायाला हनुमान म्हणतात ते याच हाडावरून.

घरी बसवू नका. जबडा जागेवर येताना दात खाडकन मिटतात आणि आतले अंगठे चेचले जातात; डॉक्टर त्यावर कापड गुंडाळून घेतात ते त्यासाठीच. शिवाय पडून किंवा मार लागून निखळला असेल तर जबड्याची मान, म्हणजे जबड्याच्या डोक्याखालचा बारीक भाग, मोडलेली असू शकते, आणि फोटो काढल्याशिवाय ते कळत नाही. हनुवटीला हाताने आधार द्या, मान पुढे वाकवा म्हणजे लाळ घशात जाणार नाही, आणि लगेच निघा. जितका उशीर, तितके स्नायू घट्ट होतात.

पुन्हा होण्याची भीती आहे, कारण सांध्याभोवतीची पिशवी ताणली गेली आहे. पहिले तीन-चार आठवडे जांभई आली की त्यांनी मूठ हनुवटीखाली धरावी आणि जिभेचं टोक टाळूला लावावं. तोंड आपोआप कमी उघडतं. सफरचंद, पेरू फोडी करूनच द्या. आणि त्यांच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. उलटी थांबवायची काही औषधं आणि काही मानसिक आजारांवरची औषधं जबड्याचे स्नायू वेडेवाकडे आखडवतात, त्यानेही जबडा निखळतो. हा प्रश्न बहुतेक वेळा विचारायचाच राहून जातो.

*

वय २७, धायरीला राहतो. तोंड उघडत नाही. पूर्वी वडापाव एका घासात तोडायचो, आता दोन बोटंही जेमतेम जातात. तिखट लागलं की तोंडाची आग होते. पाच-सहा वर्षं गुटखा खातो. जबड्याचा सांधा जाम झालाय, व्यायाम सांगा.

दादा, तुमचा सांधा जाम झालेला नाही. मी तुम्हाला पाहिलेलं नाही, तरी तुम्ही जे लिहिलंत त्यावरून मला काळजी वाटते आणि ती मी लपवणार नाही.

मोठ्या माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावायला हवीत, म्हणजे साधारण ३५ ते ५० मिलिमीटर. सांध्यातली चकती अडकल्यामुळे तोंड उघडत नसेल तर हनुवटी दुखऱ्या बाजूला झुकते आणि कानापुढे दुखतं. तिखटाची आग होत नाही. आग होते ती सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, कडक झाल्यावर. बोट घालून गाल आतून चाचपून पाहा, दोऱ्यांसारखे उभे पट्टे लागतील. बिजागरी शाबूत आहे, पण दारावर बाहेरून पट्ट्या ठोकल्या आहेत, असं ते आहे. या अवस्थेतून काहींना पुढे कर्करोग होतो.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो टपरीवर मिळतो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. आज बंद करा. नुसती सुपारीसुद्धा नको, ‘बिनतंबाखूची आहे’ म्हणूनही नको. याच आठवड्यात एखाद्या दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. तिथे खर्च कमी येतो. तोंड किती उघडतं त्याचं माप लिहून घ्या. व्यायाम आहेत, औषधं आहेत, पण ती त्यांनी गाल पाहिल्यावर. गेल्यावर मला कळवा. मी वाट पाहीन.

*

वय ७८, सदाशिव पेठ. सगळे दात गेले, कवळी जुनी आहे. आरशात पाहते तर हनुवटी नाकाला भेटायला निघाली आहे. जबडा खाली घसरला आहे का?

आजी, जबडा घसरलेला नाही, जास्त मिटतो आहे. दातांना धरून ठेवणारं हाड दात गेले की झिजत जातं, आणि दातांची उंची नसल्यामुळे खालचा जबडा वर येतो. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडत असतील तर त्याही यानेच. जुनी कवळी आता तुमच्या हाडाला बसत नसणार. नवीन करून घ्या. चेहरा पुष्कळसा पूर्वीसारखा होईल आणि सांध्यावरचा ताणही उतरेल.

*

मॅडम, मी पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. अप्पा बळवंत चौकातून आणलेली दोन पुस्तकं वाचली, तरी इन्फ्राटेम्पोरल फोसा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. सगळी नावं पाठ आहेत. तरी काहीच कळलं नाही असं वाटतं.

पुस्तक मिट आणि कवटी हातात घे. दोन्ही हातांनी घे. ती कुणाची तरी आहे.

खालचा जबडा काढून बाजूला ठेव आणि कवटी उलटी धर. गालाच्या कमानीच्या आत जी पोकळी दिसते, तीच ती. छप्पर स्फेनॉइडच्या, म्हणजे कवटीच्या तळातल्या हाडाच्या मोठ्या पंखाचं, आतली भिंत त्याच हाडाच्या लॅटरल टेरिगॉइड प्लेटची, पुढची भिंत वरच्या जबड्याच्या पाठीची. बाहेरची भिंत तू आत्ताच काढून ठेवलीस, ती म्हणजे जबड्याची उभी फांदी. मागे भिंत नाही. वाड्याच्या चौकात उभी आहेस असं समज.

त्या चौकात एकच स्नायू नीट ओळख, लॅटरल टेरिगॉइड. त्याची दोन तोंडं पुढे, आणि शेपूट मागे जबड्याच्या मानेला आणि चकतीला. डोकं पुढे ओढून तोंड उघडायला मदत करणारा हाच. चावायच्या चार स्नायूंतले उरलेले तीन तोंड मिटणारे. मग बाकीच्यांची ओळख याच्यावरून करून घे. त्याच्या वरच्या कडेवरून डीप टेम्पोरल आणि मॅसेटरच्या नसा बाहेर पडतात, दोन तोंडांमधून गालाची बक्कल, खालच्या कडेखालून जिभेची लिंग्वल आणि खालच्या दातांची इन्फिरिअर अल्व्हिओलर. ही शेवटची जबड्याच्या आतल्या भोकात शिरते; दाढ काढताना दंतवैद्य तिच्याच जवळ भुलीची सुई देतात. एवढं सुतळीचे तुकडे आणि चिकटपट्टी घेऊन कवटीवर खरंच मांड. मी माझ्या मुलांकडून रंगीत लोकरीने करून घ्यायचे.

आता कवटीचा वरचा भाग काढ आणि खोली अंधारी करून जबड्याच्या खोबणीमागे बल्ब धर. खोबणीचं छत लालसर उजळेल, इतकं ते पातळ आहे. तुझा जबडा हलतो त्याच्या जेमतेम वर मेंदू आहे. हनुवटीवर जोरात मार बसला तर सहसा जबड्याची मान मोडते आणि डोकं वर घुसायचं टळतं. त्या बारीक मानेने असं मेंदूला वाचवलेलं असतं.

आता त्या चौकाच्या छपरातली दोन भोकं बघ, लंबगोल फोरामेन ओव्हेल आणि त्याच्या मागचं बारीक फोरामेन स्पायनोसम. पहिल्यातून चावण्याच्या सगळ्या स्नायूंची नस खाली येते. दुसऱ्यातून मेंदूच्या आवरणाची मिडल मेनिंजियल धमनी वर जाते. वर जाताना ती ऑरिक्युलोटेम्पोरल नसेच्या दोन मुळांमधून, दोऱ्याच्या फासातून जावं तशी जाते. आत शिरल्यावर ती कवटीला चिकटून पुढे येते ती कानशिलाकडे, जिथे चार हाडं इंग्रजी एच अक्षरासारखी भेटतात. टेरियॉन. तिथे हाड पातळ आणि पाठीमागे ही धमनी.

हे तुला पाठ असेल. मलाही होतं. आमच्या इमारतीतला एक मुलगा कर्वे रस्त्यावर स्कूटरवरून पडला, हेल्मेट नव्हतं. उठला, स्कूटर सरळ केली, घरी आला. जिन्यात मला भेटला तेव्हा हसत होता. कानशिलावर टेंगूळ होतं. मी टेरियॉन पंधरा वर्षं शिकवत होते, आणि मी त्याला म्हणाले, बर्फ लाव आणि पड जरा. तो चहा पिऊन झोपला. दोन तासांनी आई हाका मारत होती आणि तो ओ देत नव्हता. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. धमनी फुटून रक्त साचत होतं आणि मधला तो शहाणासुरता वेळ, ज्याला आपण ल्युसिड इंटर्व्हल म्हणतो, त्याने आम्हा सगळ्यांना फसवलं. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली म्हणून तो वाचला. त्यानंतर मी हा धडा कधी नुसत्या फळ्यावर शिकवला नाही.

म्हणून आज एवढं कर. कवटीचा वरचा भाग परत बसव. गालाच्या कमानीवर दोन बोटं आडवी ठेव. डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेमागे अंगठा उभा लाव. दोन्ही जिथे भेटतील तिथे पेन्सिलीने बारीक फुली मार. आता वरचा भाग पुन्हा काढ आणि त्याच जागी आतून बोट फिरव. फुलीच्या पाठीमागे हाडात धमनीने कोरलेली खाच लागेल.